काचेपलीकडची बाबागाडी

"आत नाही हो चालणार गाडी," कॅफेची मालकीणबाई म्हणाली. "जागा कुठे आहे? बाहेर लावा, बाकीच्यांच्या शेजारी. गार हवेत छान झोपतात पोरं."

मिरेलाने खिडकीखाली पाहिलं. तीन बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या. मोठ्या, काळ्या, टप पुढे ओढलेल्या. तिन्हींत बाळं झोपलेली, आणि जवळ चिटपाखरूही नाही.

"कोपेनहेगनमध्ये सगळे असंच ठेवतात," तुल्लिओ म्हणाला.

"आपल्या इटलीत, फेर्रारात कुणी ठेवलं असतं ना, तर पोलीस आले असते."

"आपण फेर्रारात नाही आहोत. आणि तू कबूल केलंयस, मिरेला. एक जेवण. एकच, पण शांतपणे."

कबूल केलं होतं खरं. व्हिएन्नात तो चित्रांपुढे रमला होता तेव्हा ती बाळाला घेऊन बाहेर जायच्या दाराला चिकटून उभी होती. प्रागमध्ये तर मैफल ऐन रंगात आलेली असताना ती उठून आली, कारण मागच्या रांगेत कुणीतरी खोकत होतं. आधी तुल्लिओ चिडायचा, वाद घालायचा. ड्रेस्डेनपासून त्याने तेही सोडून दिलं होतं. तो एकटाच हिंडायचा, एकटाच खायचा आणि रात्री पाठ करून झोपायचा. मिरेलाला या गप्प बसण्याची धास्ती वाटायला लागली होती.

तिने गाडी मुद्दाम कोपऱ्यात लावली, काचेला अगदी लागून. हॉटेलवाल्यांनी भाड्याने मिळवून दिलेली गाडीही या बाकीच्यांसारखीच होती, पाळण्याएवढी. निवेस गाढ झोपली होती. मिरेलाने दुलई हनुवटीपर्यंत ओढली आणि आत येऊन खिडकीजवळचं टेबल धरलं.

काळ्या ब्रेडवर खारवलेला मासा, वर कांदा आणि शेपू. तुल्लिओने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "खाऊन तर बघ."

तेवढ्यात पाऊस आला. मालकीणबाई लगबगीने बाहेर गेली. गाड्या मागेपुढे सरकवत तिने कापडी छताखाली घेतल्या, प्रत्येकीवर प्लास्टिक ओढलं. मिरेला अर्धवट उठली होती. तुल्लिओने तिची बाही धरली.

"बस गं. करतायत ना त्या."

काचेवर वाफ धरली होती. मिरेलाने ती हाताने पुसली. कोपऱ्यातली गाडी कोपऱ्यात होती. ती खाली बसली आणि तिने घास घेतला. खरंच चांगलं लागत होतं.

मग तिला तो दिसला. पलीकडच्या टेबलावरचा दाढीवाला तरुण. एकटाच, समोरची कॉफी गार झालेली. तो काचेतून बाहेर बघत होता.

"तो आपल्या गाडीकडे बघतोय," ती पुटपुटली.

"कोण?"

"मागे वळू नकोस."

"अगं, माणूस खिडकीबाहेर बघतोय. खिडकी त्यासाठीच असते."

"मी बाहेर बघितलं की तो माझ्याकडे बघतो. मग परत गाडीकडे."

"तू सुंदर आहेस म्हणून."

"तुल्लिओ, मस्करी नकोय मला."

त्याने काटा खाली ठेवला. चेहरा पुन्हा तसाच, ड्रेस्डेनसारखा. "झालं. सुरू झालं."

दाढीवाला उठला. जाता जाता त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. आधी गाडीकडे, मग मिरेलाकडे. मग तो मागच्या बाजूला, स्वच्छतागृहाकडे गेला.

"आता ऊठ."

"अगं, माझा मासा..."

"ऊठ म्हणते ना!"

बाहेर पाऊस थांबत आला होता. कोपऱ्यातली गाडी तिने ओढून घेतली. प्लास्टिकवर थेंब साचले होते. आत दुलई हलकेच वरखाली होत होती. श्वास चालू होता. तेवढं तिला पुरे होतं.

"झोपलीय ना? मग उठवू नकोस," पैसे टेबलावर टाकून मागून आलेला तुल्लिओ म्हणाला.

रस्ता ओलांडला तोच मागून आरोळी आली. दाढीवाला धावत होता, कोट न घालताच, हात वर करून तिथल्या भाषेत काहीतरी ओरडत.

"बघ! बघितलंस?" मिरेलाचा आवाज फाटला.

तुल्लिओने वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने गाडीचा दांडा आपल्या हाती घेतला. "पळ."

समोरच्या चित्रसंग्रहालयात ते घुसले. पहिल्याच दालनात पिकल्या केसांची रक्षकबाई खुर्चीवर बसली होती. मिरेलाने तिचा हात घट्ट धरला. "तो माणूस! कॅफेपासून मागे लागलाय. माझं बाळ पळवायला बघतोय."

दाढीवाला दारात आला. रक्षकबाईने छातीवर हात ठेवून त्याला तिथेच अडवलं. तुल्लिओ गाडीपुढे आडवा उभा राहिला, मुठी आवळून. "माझं चुकलं," तो मिरेलाला म्हणाला. "तुझं ऐकायला हवं होतं." भिंतीवर कुणाचं तरी निळं समुद्राचं चित्र होतं. या प्रवासात पहिल्यांदाच ते दोघं एकाच चित्राखाली उभे होते.

दाढीवाला धापा टाकत, अडखळत रक्षकबाईशी बोलत होता. त्याचा आवाज रडवेला झाला. रक्षकबाईने त्याच्या छातीवरचा आपला हात हळूच काढला.

"बाई," ती मिरेलाला म्हणाली, "जरा टप मागे करता?"

"करते की! बघू दे त्याला, कुणाचं बाळ आहे ते!"

तिने प्लास्टिक उचकटलं, टप मागे लोटला. आतलं बाळ जागं झालं होतं. त्याने अनोळखी नजरेने मिरेलाकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि खुदकन हसून दारातल्या दाढीवाल्याकडे दोन्ही हात पसरले.