दहा मिनिटं मागे

पाळणाघरातून सहानंतर मूल नेलं की दंड, आणि सहा म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातले सहा, असा मालकीणबाईंचा नियम. घड्याळं दुरुस्त करणारा एका मुलीचा बाबा रोज धापा टाकत पोचायचा, दोन मिनिटांनी वाचायचा. फी भरून इतकंच उरायचं, की दंड भरायला लेकीलाच नोकरीला लावावं लागलं असतं. एकदा त्याच्या लक्षात आलं, भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. कारागिराला राहवलं नाही, त्यानं फुकटात दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी आठ आईबापांना दंड बसला, पहिला त्यालाच. मुलं सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला बाजूला घेतलं. "अहो शहाणे! बाई चार वर्षं दुरुस्तीला पाठवतायत आणि मी पिशवीतून फिरवून तसंच आणतेय! कुणासाठी?" "तेल घालतो," म्हणत त्यानं घड्याळ उतरवलं आणि मन लावून बिघडवलं. वर मावशींना गॅरंटी दिली: चुकून नीट चाललं, तर फुकटात बिघडवून मिळेल.