पेट्यांना सांगून ये

गावातल्या थोरल्या इयनला जुळी झाली, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला तो शनिवार. उनाचं लग्न दुपारवर आलं होतं, आणि नवरी सकाळपासून पाहुण्यांच्या चादरी ओढत होती.

शनिवारी घरच्यांची भाड्याची कॉटेज रिकामी व्हायची आणि पुन्हा भरायची. तळ्याकाठच्या तिन्ही कॉटेजमधले पाहुणे आज निघाले की तिथे वऱ्हाड उतरणार होतं.

ग्लासगोचे एक गृहस्थ बॅग उचलता उचलता कुरकुरले, "डोंगरात हरणं नुसती हंबरत होती हो. डोळ्याला डोळा नाही."

"त्यांचीही लग्नसराई आहे, साहेब," उना म्हणाली.

हसली खरी, पण तिचं लक्ष घराच्या वरच्या खिडकीकडे होतं. तिचे बाबा, हेक्टर मॅकरे, उन्हाळ्यापासून त्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. हृदय थकलं होतं. "तुम्हाला जरा जरी जास्त झालं, तर मी लग्न पुढे ढकलणार," असं उनानं बजावून ठेवलं होतं. त्यावर म्हातारा चिडायचा.

"फर्गस सोमवारी बोटीवर गेला की वसंतापर्यंत तोंड दाखवत नाही. तोवर मी काय दिवस मोजत पडू? माझ्या खिडकीखालीच लग्न लावा. खिडकी उघडी ठेवा, मला ऐकू येईल. आणि पोरी, लग्न लागलं की जोडीनं वर या. नुसती नवरी नको मला, जावई पण हवा."

खिडकी आज सताड उघडी होती.

आई, इशबेल, ट्रे घेऊन जिन्यावरून खाली आली.

"चहा घेतला बाबांनी?"

"कप रिकामा आहे ना?"

"जरा डोकावून येते."

"तुमचं ठरलंय काय? जोडीनं जायचं. त्यांचा शब्द मोडू नकोस. जा, मधल्या कॉटेजमध्ये टॉवेल राहिलेत."

टॉवेल ठेवताना उनाला मागच्या उतारावर आई दिसली. तिथे बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. घरात जन्म, लग्न, मरण काहीही झालं, की घरातल्या कुणीतरी पेट्यांपाशी जायचं, किल्लीनं टकटक करायची आणि माश्यांना सांगायचं, ही तिकडची रीत. लग्नाला पांढरी फीत, मरणाला काळी. माणसांशी खोटं बोललेलं एक वेळ चालतं; माश्यांशी बोललं तर त्या पेटी सोडून जातात.

आई एकेका पेटीवर वाकून बोलत होती. मग तिनं पांढऱ्या फिती बांधल्या.

"एवढं काय सांगतेय गं आई?" उनानं विचारलं.

उशा झटकणारी पेगी आत्या म्हणाली, "आमच्या भावाची गाऱ्हाणी! माणसं ऐकून ऐकून थकली, आता माश्यांची पाळी."

दुपारी पावसानं उघडीप दिली. रोवनची झाडं लाल फळांनी लगडलेली, डोंगरावरचं नेचं तपकिरी पडलेलं. वऱ्हाड खिडकीखालच्या गवतावर जमलं.

"इशबेल, तुझा तो रविवारचा काळा स्कार्फ कुठाय?" आत्यानं टोमणा मारला. "मी म्हटलं, लग्नातही तोच गुंडाळशील."

"फाटला."

"सुटलीस बाई एकदाची! बरं, मी हेक्टरला बघून येऊ?"

"लग्नाआधी वर कुणी नको, असं सांगितलंय त्यांनी."

"जन्माचा हेकट," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली.

उनानं पाद्रीबाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, "मोठ्यानं बोला, वर ऐकू गेलं पाहिजे." ते बोललेही मोठ्यानं. तिची पाळी आली, तेव्हा ती "हो" अशी ओरडली की फर्गस दचकला आणि सगळे हसले. वर पडदा हलला. उनानं हात उंचावून हलवला. इशबेल तेवढी खाली गवताकडे बघत राहिली.

लग्न लागलं. केक कापला.

"चल, आता वर," उना फर्गसचा हात ओढत म्हणाली.

इशबेलनं केकचा एक तुकडा तिच्या हातात ठेवला. "आधी पेट्यांना देऊन ये. त्यांना मी सगळं सांगितलंय. मग वर जा दोघं. मी जिन्यापाशी थांबते."

आईचे हात बर्फासारखे गार होते.

उना पांढरा घोळ सावरत उतार चढली. पहिल्या पेटीवर तिनं केक ठेवला. वाऱ्यानं पांढरी फीत उलटली. तिच्याखाली दुसरी पट्टी होती, काळी, कडेनं दोरे सुटलेली. आईच्या स्कार्फची. उनानं दुसऱ्या पेटीची फीत उचलली. तिथंही तीच.

हेक्टर मॅकरे त्या शनिवारी पहाटे वारले, पाहुणे उठायच्या आधी.