तीन नद्यांचं गाणं

साउंड चेक संपला तरी स्नेहलताबाई कावासाकीतल्या त्या हॉलमागच्या खोलीत, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या बसून होत्या.

"आई, तुम्ही नुसतं बसायचं. बोलायचं ते मी बोलते," नेत्राने सासूबाईंना पुन्हा बजावलं.

तमिळ सिनेमाचे संगीतकार कदिरवेलन पहिल्यांदाच जपानमध्ये कार्यक्रमाला आले होते, आणि जपानी तंत्रज्ञांशी बोलायला दुभाषी म्हणून आयोजकांनी नेत्राला घेतलं होतं. ऑफिसात ती दिवसभर हेच काम करायची. मानधन नको, मला त्यांची दहा मिनिटं हवीत, एवढीच तिने अट घातली.

कारण सरळ होतं. कदिरवेलन यांचं वर्षभर गाजत असलेलं गाणं तिच्या सासूबाईंच्या माहेरचं होतं. दोन वर्षांपूर्वी इचिकावाला मराठी मंडळाच्या भोंडल्यात त्यांनी ते म्हटलं, नेत्राने त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि खाली ‘पारंपरिक हादग्याचं गाणं, मिरज’ असं लिहिलं. मिरजेकडे भोंडल्याला हादगाच म्हणतात. सिनेमात मात्र ना मिरजेचं नाव, ना सासूबाईंचं. संगीत कदिरवेलन, संपलं. "लोकगीतावर कोण भांडत बसतं?" असं तिचा नवरा सारंग म्हणाला, तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

तिला त्या गाण्याचा अभिमानच तसा होता. मंडळातल्या बायका मोबाइलवर बघून गाणी पाठ करत होत्या, तेव्हा तिने ऐटीत सांगून टाकलं होतं, की माझ्या सासूबाई येतायत, त्यांच्या माहेरची शंभर वर्षांची गाणी आहेत त्यांच्याकडे. भोंडल्याच्या दिवशी जाताना ट्रेनमध्ये स्नेहलताबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पूल आला की तेवढ्या सरसावून खाली बघायच्या. नेत्राला वाटलं, दमल्या असतील.

पण पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला, त्यांनी आवाज लावला आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. सासरी निघालेली मुलगी तीन नद्या ओलांडते, एकेका नदीत एकेक दागिना सोडते आणि शेवटच्या काठाला तिच्याजवळ फक्त नाव उरतं. खिरापत ओळखायची राहूनच गेली त्या दिवशी.

दार उघडलं. कदिरवेलन आत आले, त्यांच्यामागे साउंडचे ओगावा-सान. कदिरवेलन यांनी स्नेहलताबाईंना पाहिलं आणि वाकून सरळ पायांना हात लावला. नेत्राने पाठ केलेलं पहिलं वाक्य तिथेच हरवलं.

"यांचाच तो आवाज," ते हिंदीत म्हणाले. "महिनाभर मी दुसरं काही ऐकलं नव्हतं."

"म्हणजे चाल तुम्ही घेतलीत," नेत्रा म्हणाली.

"घेतली. मुलाखतीतही सांगतो, लोकगीतावरून सुचली. मधली सुरावट माझी आहे, पण मुखडा..." त्यांनी हात जोडले. "असा मुखडा कुणा एकाला बांधता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायका गातात, तेव्हा तो असा गुळगुळीत होतो. आणि ठेका बघा." त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "बैलगाडीचा आहे. शंभर वर्षं तरी जुना."

ओगावा-सान जपानीत काहीतरी पुटपुटले. "सेंदाईजवळच्या त्यांच्या गावात आजी भात लावताना असंच काहीतरी गायच्या म्हणे," नेत्राने सांगितलं.

कदिरवेलन हसले. "पाच सुरांची चाल आहे, ज्याला त्याला आपलीच वाटते. माझी बायको म्हणते, ही आमच्या मदुराईकडचीच."

स्नेहलताबाई चपापल्या. "मिरजेला आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये शेजारी तमिळ कुटुंब होतं," त्या नेत्राला हळूच म्हणाल्या. "त्या बाई सारख्या गायच्या."

हे वाक्य नेत्राने भाषांतर न करता तसंच गिळलं.

कदिरवेलन खुर्ची ओढून स्नेहलताबाईंच्या समोर बसले. "अम्मा, एकच विचारतो. ही चाल कुणा एकाची असेल तर आत्ता सांगा. गाण्याची नवी आवृत्ती निघतेय. माझ्या नावाआधी त्या माणसाचं नाव घालीन."

स्नेहलताबाईंनी नेत्राकडे पाहिलं.

"कुणाची नाही," त्या म्हणाल्या. "जुनी आहे. सगळ्यांची."

"मग मिरजेच्या बायकांची, असं लिहितो," कदिरवेलन म्हणाले आणि पुन्हा वाकले.

दुपारी भरल्या हॉलमध्ये ते गाणं सुरू झालं तेव्हा जपानी प्रेक्षकसुद्धा टाळ्यांनी ठेका धरू लागले. मुखड्यातून मधली सुरावट अशी अलगद उमलली, की नेत्राचा उरलासुरला राग निवला. चाल घ्यावी तर अशी, तिला वाटलं. या माणसाने ती आणखी सुंदर करून परत दिली होती. शेजारी स्नेहलताबाई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी चालत जाताना मात्र तिला राहवेना. "आई, खरं सांगा. चाल त्या शेजारच्या बाईंची होती ना? मी नाही रागावणार."

"छे गं. त्यांची गाणी निराळी."

"मग तुमच्या आजीची?"

"क्वार्टर्समध्ये कसला आलाय हादगा? मी तर इथे येईपर्यंत कधी फेरही धरला नव्हता," स्नेहलताबाई म्हणाल्या. "पण तू सगळ्यांना सांगून बसली होतीस. मग त्या दिवशी इचिकावाला जाताना, गाडीत बसल्या बसल्या मीच बांधली."