निर्दोष तेल

गाडीची शेड बांधायची म्हणून पिंप्राळ्यातल्या घराच्या दारातला कडुनिंब आज तोडायचा होता. सुकलाल झाड कापायचं मशीन घेऊन आला आणि तेव्हापासून धनकुंवरबाईंच्या जिवाची नुसती घालमेल. मशीनच्या साखळीसाठी त्याने गॅरेजातलं जळकं ऑइल आणलं होतं. साखळी फिरली की ते खाली उडणार, आणि खाली तर मुंग्यांची रांग! त्याच मुंग्यांना त्या रोज सकाळी साखर-पीठ घालत.

"अक्का, मशीनले कोनतंबी तेल चालस," सुकलाल म्हणाला.

"मशीनला चालेल रे, मला नाही चालणार!"

त्यांनी मुलाला, तरुणला, भर उन्हात बाजारात पिटाळलं. त्याने दुकानातून एका डब्याचा फोटो पाठवला, मग दुसऱ्याचा. "यात चरबी नाही ना? मुंग्यांना भाजणार नाही ना? दुकानदाराला परत विचार." फोन कानाला लावून त्या दारातून अंगणात, अंगणातून दारात.

शेवटी तरुण वैतागून वनस्पती तेलाचा डबा घेऊन आला. "मम्मी, हे मातीत जिरून जातं. एका मुंगीलासुद्धा त्रास नाही." त्यांनी दोन थेंब तळहातावर घेऊन हुंगले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. दुपारपर्यंत शेडची जागा मोकळी झाली.



संध्याकाळी त्या रोजच्यासारख्या चिमण्यांसाठी पाण्याचं परळ भरून बाहेर आल्या, आणि ते कुठे टांगावं म्हणून वर बघत राहिल्या.