हलकी गाडी

घाट चढायच्या शर्यतीसाठी सौंसरच्या केतननं वर्षभर खपून गाडी हलकी केली. मागची सीट काढली, दारांचं अस्तर सोललं, स्टेपनीसुद्धा घरी ठेवली. त्याचे बाबा भैय्याजी या नादाला एरवी नाकं मुरडत. पण आज बागेतलं काम टाकून शर्यतीला हजर! केतनला भरूनच आलं.

हेल्मेट चढवून, पट्टे आवळून तो निशाणाकडे बघत होता, तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला आणि गाडी खाली दबली. वळून बघतो तर संत्र्यांचे चार कॅरेट!

खिडकीतून भैय्याजी कौतुकानं म्हणाले,

"वर जाऊनच राहिला, त मावशीच्या घरी देऊन देजो. येवढी जागा केली तू, रिकामी कायले नेतं?"