एकशे बारावं गीत

“नंबर बोल फक्त. किताब कशाला हवी मला?” असं म्हणत अन्नपूर्णाबाईंनी कोरं करकरीत गीतपुस्तक मांडीवर पालथं टाकलं आणि त्यावर आपली पिशवी ठेवली.

हार्मोनियमपाशी बसलेल्या शरदिनीनं भाता उघडला. आज भांडायचं नाही, आज गाऊन दाखवायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बनारसच्या या लूथरन ख्रिस्ती मंडळीत मराठी घरं मूठभर. सकाळची हिंदी उपासना आटोपली की छावणीतल्या त्याच देवळात त्यांची मराठी उपासना व्हायची. नवं गीतपुस्तक आणायचं म्हणून शरदिनी वर्षभर हात धुऊन मंडळीच्या पंचांच्या मागे लागली होती. शेवटी थोरले पंच म्हणाले, “एका रविवारी म्हणून बघू. मंडळीला जमलं तर ठेवू, नाहीतर पुस्तकांची खोकी परत.”

तो रविवार हा. शरदिनीनं तो मुद्दाम मागून घेतला होता, कारण आज बकुळच्या मुलीचा बाप्तिस्मा होता.

बकुळ पहिल्या बाकावर लेकीला छातीशी धरून बसली होती. शेजारी तिचा नवरा मोहन. याआधीची दोन्ही मुलं त्यांनी तान्ही असतानाच गमावली होती, आणि दोघांनाही याच देवळातून कबरस्तानात नेलं होतं. बकुळ शरदिनीला म्हणाली होती, “ताई, हिच्या वेळी एखादं नवं गीत म्हणा हो. जुन्यातलं कुठलंही ऐकलं की मला ते दोघं दिसतात.” नव्या पुस्तकात लेकराच्या स्वागताचं एक फार गोड गीत होतं. शरदिनीनं शब्द दिला. महिनाभर तिनं गायनाच्या मुलींकडून ते घोटून घेतलं. म्हातारी मंडळी काही तालमीकडे फिरकली नाहीत.

पाळकांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं, नाव ठेवलं विद्युल्लता, आणि मंडळीकडे वळून म्हणाले, “गीत एकशे बारा.”

झालं! तिथंच घात झाला.

या मंडळीत गीताला कुणी नावानं ओळखायचंच नाही. सगळा कारभार नंबरावर. इतकी वर्षं एकच पुस्तक, त्यामुळे नंबर कानी पडला की तोंड आपोआप सुरू. त्यातून पहिली ओळ अन्नपूर्णाबाईंनी उचलायची आणि हार्मोनियमनं त्यांच्या मागून जायचं, ही रीत. नव्या पुस्तकात नंबर सगळे हलले होते. शरदिनीनं चाल बसवली, शब्द बसवले, पण ही एवढीशी गोष्ट काही तिच्या डोक्यात आली नाही.

अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

“माती मातीस मिळाली, जीव देवा तुझ्या हाती...”

जुनं एकशे बारा. दफनविधीचं.

मागच्या बाकांनी ओळ झेलली. पुरुषांचे भरदार आवाज त्यात मिसळले. शरदिनीनं नवी चाल जोरानं वाजवली, मुलींनी जीव तोडून आपले शब्द धरले, पण ऐकतंय कोण? बकुळचा चेहरा पांढराफटक पडला. ती बाळाला घेऊन उठली आणि तडक दाराकडे निघाली.

“थांबा!” शरदिनी ओरडली. देवळात असं कुणी कधी ओरडलं नव्हतं. “अन्नपूर्णामावशी, डोळे उघडा! कुणासमोर काय म्हणताय, बघा तरी!”

बाईंनी डोळे उघडले. गाणं तुटलं. मागचेही एकेक करून गप्प झाले.

“रहने दो आता,” थोरले पंच पुटपुटले. “उद्या खोकी बांधून टाकू.”

“खोकी जागची हलणार नाहीत.” शरदिनी म्हणाली. “हे लेकरू आपलं गीत ऐकूनच घरी जाईल.”

अन्नपूर्णाबाई उठल्या. मांडीवरची पिशवी खाली पडली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही वेळा त्या इवल्या खड्ड्यांशी उभं राहून हेच गीत त्यांनीच म्हटलं होतं. दाराशी थबकलेल्या बकुळपाशी त्या गेल्या आणि त्यांनी बाळाचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी झाकले.

“हिनं काही ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या. “समजलीस, बकुळ? बिटियानं काही ऐकलेलं नाही.” मग मान वळवून म्हणाल्या, “शरदिनी, तुझं सांग. मी मागून म्हणते.”

शरदिनीनं पहिली ओळ सांगितली, “आलं लेकरू अंगणी तुझ्या, नाव ठेवलंस देवा...”

बाई चुकल्या. शरदिनीनं पुन्हा सांगितली. मागच्या बाकांवर पानं उलटल्याचा आवाज झाला. पुढच्या खेपेला पुरुषांच्या ओळीची शेपूट जुन्या चालीत घसरली, तेव्हा बाईच त्यांच्यावर डाफरल्या, “नीट म्हणा रे!” बाळ कुरकुरू लागलं. बकुळ रडत होती, पण जागची हलली नाही. बाईंनीही हात काढले नाहीत.

अख्खं कडवं सगळ्यांच्या तोंडून बिनचूक आलं, तेव्हा कुठे त्यांनी दोन्ही तळवे अलगद उचलले.

“हं,” त्या चिमुकल्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, “आता ऐक.”