मिठाचा शेक

मागल्या पडवीत पूजा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. वालाच्या शेंगा सोलता सोलता गुणाजीनं एकदा तिकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग सुनेच्या तोंडून "आई गं" निघालं आणि त्याच्या हातातली शेंग खाली पडली.

"काय झाला गो?"

"काय नाय, बाबा."

काय नाय कसलं! पोरीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. चटई वेगळी, तांब्या वेगळा, म्हणजे पाळी आली होती, एवढं गुणाजीला कळत होतं. त्यापुढचं सासऱ्यानं विचारायचं कुठल्या तोंडानं? तिचा नवरा विशाल डोलवीला कंपनीत, शिफ्टवर. सासू धोंडुबाई पेणच्या बाजारात. विचारणारं घरात दुसरं कुणी नव्हतंच.

"ओवा देऊ का, गरम पान्यात?"

"सकाळीच घेतला. फरक नाय." पूजानं ओठ दाबून धरले, पण डोळ्यांतून पाणी आलंच. "लय दुखतंय, बाबा."

मग मात्र गुणाजी उठला. औषध म्हणून त्याला एकच ठाऊक होतं. मिठागरावरून तो कंबर मोडून आला की धोंडुबाई तव्यावर जाडं मीठ तापवायची, फडक्यात बांधायची आणि त्याची कंबर शेकायची. आजवर तवा तिनं ठेवला होता, याचं काम पालथं पडून राहायचं. आज त्यानं गॅस मोठा केला, मीठ तडतडायला लागलं, आणि घाईत ते आपल्याच पंच्यात ओतलं तर पंच्याला भोक पडलं. "तुझ्या तर!" म्हणत त्यानं पंच्याची दुहेरी घडी केली आणि पुरचुंडी बांधली.

पुरचुंडी बघून पूजा मागं सरकली.

"बाबा, मीठ हाय ते. आई रागावतील."

खरं होतं. या घराची भाकरी मिठागरातून आलेली. पाळीत बाहेर बसलेल्या बाईनं मिठाला शिवायचं नाही, हा धोंडुबाईचा नियम. तिच्या आधी तिच्या सासूचा.

"तिचा मी बगतो," गुणाजी म्हणाला. जसा काही आजवर धोंडुबाईपुढं कधी जिंकला होता! पण पुरचुंडी त्यानं पूजाच्या हातात दिली आणि तोंड फिरवून पुन्हा शेंगा सोलायला बसला. हळूहळू पोरीचं कण्हणं थांबलं. गुडघे सैल पडले. गुणाजीला एवढं बरं वाटलं की सोललेले वाल तो टरफलांत टाकत होता.

तेवढ्यात धोंडुबाई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं वास घेतला.

"पंचा कोनी जाळला?"

पूजानं पुरचुंडी चटईखाली सारली. पण धोंडुबाईच्या नजरेतून काय सुटतंय!

"मी दिला तिला शेक," गुणाजी एका दमात बोलला. "पोर तळमळत होती. तुला बरा कधी काय झाला नाय, म्हनून तुला कळायचा नाय."

धोंडुबाई सरळ पूजाच्या चटईवर जाऊन बसली. तिनं चटईखालून पुरचुंडी काढली, गालाला लावून पाहिली.

"गार झाली," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं बघत, बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "मला काय झाला नाय, ह्या कोनी सांगितला तुमाला? ह्याच कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून पडायची मी. तुमची आय सांगायची, आवाज ओटीवर जाता नये."

ओटीवर तर गुणाजीच बसलेला असायचा. त्याला फार वाईट वाटलं.

त्यानं पुरचुंडी घेतली, आत गेला. या वेळी गॅस बारीक ठेवला, मीठ नीट परतलं, गाठ घट्ट मारली. बाहेर येऊन त्यानं पुरचुंडी पुढं धरली, ती धोंडुबाईसमोर.

धोंडुबाई त्या पुरचुंडीकडं बघत राहिली.

"माजा कवाच थांबला," ती म्हणाली. "द्या तिला."